घरचा वजनकाटा: उभं कसं राहायचं, लिहायचं कसं, आकडा वाचायचा कसा

वजन कमी करायचं ठरलं की आधी जेवण बदलतं, मग सकाळचं चालणं सुरू होतं. काटा येतो सगळ्यात शेवटी. आठवडाभर त्यावर उत्साहाने चढ-उतार होतात आणि मग तो पलंगाखाली जातो. कारण बहुतेक घरांत एकच असतं: चार दिवस नीट जेवून, घाम गाळून पाचव्या दिवशी आकडा पाऊण किलोने वर दिसतो आणि माणसाचा धीर सुटतो.

यात काट्याची चूक नसते. काटा चरबी मोजत नाही, तो सगळंच मोजतो: चरबी, हाडं, स्नायू, रात्रीची आमटी, न झालेलं शौच आणि मिठाने धरून ठेवलेलं पाणी. नीट पथ्य सांभाळलं तरी चरबी दिवसाला पन्नास-शंभर ग्रॅमने हलते. बाकीच्यांची ये-जा मात्र दिवसाला एक-दोन किलोंची असते. त्यामुळे एका सकाळचा आकडा फारसं काही सांगत नाही. सात सकाळींची सरासरी सांगते. पुढचं सगळं ही सरासरी भरवशाची कशी करायची आणि तिच्यावरून काय ठरवायचं, यासाठी आहे.

याचा उपयोग होतो का?

नुसतं काट्यावर उभं राहून कुणाचं वजन उतरत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जेवण आणि हालचाल बदलली असेल, तर काटा त्या बदलाचा हिशोब वेळेवर दाखवतो. वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक मोठी नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. तिच्यातले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

तिकडच्याच, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आपलं किमान दहा टक्के वजन आधीच उतरवलेले ३१४ जण होते. ज्यांना फक्त माहितीपत्रकं पाठवली, त्यांच्यातल्या ७२.४ टक्के लोकांचं वजन १८ महिन्यांत २.३ किलो किंवा त्याहून जास्त परत चढलं. रोज वजन करायचं आणि आकडा पाहून ठरलेली पावलं उचलायची, हे ज्यांना प्रत्यक्ष बैठकांत शिकवलं, त्यांच्यात हेच प्रमाण ४५.७ टक्के होतं. ती पावलं कोणती, ते शेवटी येईल.

काटा कोणता घ्यावा

साधा डिजिटल काटा पुरतो. तीन गोष्टी पाहा. किती किलोपर्यंत चालतो, हे त्याच्या तळाला लिहिलेलं असतं, बहुधा १५० किंवा १८० किलो. तुमचं वजन १३० च्या पुढे असेल तर १८० किंवा २०० चाच घ्या, कारण मर्यादेच्या अगदी कडेला काटा वापरू नये. दुसरं, आकडा किमान १०० ग्रॅमच्या टप्प्याने दिसायला हवा. पन्नास ग्रॅमचा टप्पा असला तरी फायदा काही नाही, दोन घोट पाण्याने तो हलतो. तिसरं, वरची काच पुरेशी रुंद हवी. दोन्ही पावलं पूर्ण मावली पाहिजेत, टाचा बाहेर लोंबता कामा नयेत.

फिरत्या तबकडीचा स्प्रिंगचा काटा घरात असेल तर फेकू नका, पण वजन कमी करण्याच्या कामाला तो तोकडा पडतो. त्याच्यावर अर्धा किलो वाचणं म्हणजे अंदाजच, आणि डोकं जरा तिरकं झालं की काटा एका रेघेने सरकलेला दिसतो.

चरबी, पाणी, स्नायू, 'शरीराचं वय' असं सगळं सांगणारे काटे हल्ली स्वस्त झाले आहेत. ते तळव्यांतून अगदी सौम्य विजेचा प्रवाह सोडतात आणि त्याला झालेल्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. तळवे ओले असले, पाणी कमी प्यालेलं असलं, नुकताच व्यायाम झालेला असला की अंदाज बदलतो. वजनाचा आकडा घ्या आणि चरबीची टक्केवारी सोडून द्या. हृदयात पेसमेकर असेल तर असा काटा वापरायचाच नाही. गरोदर स्त्रियांनीही टाळावा.

कुठे ठेवायचा

डिजिटल काट्याच्या चार कोपऱ्यांत खाली चार छोटे पाय असतात. हे नुसते पाय नाहीत, खरं मोजमाप तेच करतात. प्रत्येकात धातूची एक पट्टी असते, ती भाराने किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेतला विजेचा विरोध बदलतो. चारही पायांवरचा भार मिळून आकडा तयार होतो. त्यामुळे एक पाय अधांतरी राहिला किंवा काट्याचं पोट खालच्या कशाला टेकलं, की आकडा बिघडतो. सतरंजी, गालिचा, पायपुसणं, रबरी मॅट यांच्यावर काटा ठेवायचा नाही.

टाइल्सच्या फरशीवर काटा एका मोठ्या टाइलच्या मधोमध ठेवा, सांध्यावर नको. शहाबादी फरशी किंवा जुना कोबा असेल तर जागा शोधावी लागते. समोरासमोरचे दोन कोपरे हाताने आळीपाळीने दाबून पाहा. काटा डुगडुगला तर जागा बदला. चांगली जागा सापडली की खडूने किंवा चिकटपट्टीने चार खुणा करून ठेवा. हे जरा जास्तच वाटेल, पण एकाच घरात दोन जागी अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो आणि अर्धा किलो म्हणजे तुमच्या दोन आठवड्यांची मेहनत असू शकते.

न्हाणीघरात काटा ठेवू नका. ओल आत शिरते, सेलचे पत्रे गंजतात, शिवाय ओल्या पायांनी काचेवर घसरायचं भय असतं.

काटा खरा की खोटा

आपला काटा दवाखान्यातल्या काट्याशी जुळतो का, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो आणि तो सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे. घरचा काटा कायम ४०० ग्रॅम जास्त दाखवत असेल तरी चालेल, वजन उतरलं की तोही तेवढंच उतरलेलं दाखवेल. तो आज ४०० जास्त आणि उद्या ३०० कमी दाखवत असेल तर मात्र उपयोगाचा नाही. म्हणून तपासायचं ते हे, की काटा स्वतःशी प्रामाणिक आहे का.

लागोपाठ पाच वेळा वजन करा, प्रत्येक वेळी खाली उतरून, पडदा विझू देऊन. पाचही आकडे २०० ग्रॅमच्या आत असले तर ठीक.

पण इथे एक गोम आहे. बरेच काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, काय अचूक काटा आहे! ही लबाडी पकडायला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन वजन करा. आकडा १ किलोने, आणि बाटलीचे थोडे ग्रॅम धरून, वाढला पाहिजे. मग बाटली ठेवून एकदा नुसतं वजन करा आणि लगेच भांडंभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाणी हातात घेऊन पाहा. आता आकडा हलायला हवा तेवढा हलला नाही, तर तुमचा काटा मागचं आठवून बोलतो आहे. अशा काट्यावर रोज सकाळी आधी बाटली हातात घेऊन एकदा वजन करायचं, मग बाटली ठेवून खरं वजन करायचं. आधीचा आकडा त्यामुळे पुसला जातो.

महिन्यातून एकदा न फोडलेली ५ किलोची पिठाची पिशवी घ्या. आधी स्वतःचं वजन, मग पिशवी कवेत घेऊन वजन. फरक ४.९ ते ५.२ च्या दरम्यान यायला हवा (प्लॅस्टिकचे थोडे ग्रॅम असतात). नुसती पिशवी काट्यावर ठेवून पाहू नका, कारण अनेक काटे पाच किलोंच्या आतलं वजन धरतच नाहीत.

काटा जागेवरून हलवला, उभा करून ठेवला किंवा सेल बदलला, की पहिलं वजन मोजायचं नाही. पायाने काचेवर हलकं दाबून सोडा, पडद्यावर ०.० येऊ द्या, तो विझू द्या, आणि मग चढा. आकडे विचित्र येऊ लागले, दोन वजनांत किलोचा फरक पडू लागला, तर पहिला संशय उतरलेल्या सेलवर घ्यावा. आणि एका सकाळी ८४ च्या जागी अचानक १८६ दिसलं तर घाबरू नका: पोरांनी काट्याच्या पोटाखालचं बटण दाबून किलोचे पौंड केलेले असतात.

रोजची रीत

१. सकाळी उठल्यावर, लघवी आणि जमल्यास शौच उरकून, पण चहा-पाण्याच्या आधी. शौचाची वाट पाहत तासभर ताटकळू नका. ते झालं नसेल तर तसंच वजन करा.

२. आंघोळीच्या आधी. ओले लांब केस आणि ओला टॉवेल मिळून पाव किलो सहज होतात.

३. रोज एकाच प्रकारचे, कमीत कमी कपडे. जीन्स आणि पट्टा मिळून पाऊण किलोच्या आसपास जातात, भरजरी साडी त्याहून जड. खिशातला मोबाइल २०० ग्रॅमचा.

४. काट्याच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पावलं. आधी एक, मग दुसरं, सावकाश. उडी नाही.

५. हात खाली, नजर समोर, भिंतीला किंवा दाराला बोट नाही. बोटाच्या टोकाने भिंतीला दिलेला हलकासा रेटाही आकड्यात दिसतो.

६. आकडा स्थिर होऊन लुकलुकेपर्यंत थांबा. पोटामुळे पडदा दिसत नसेल तर आकडा स्थिर झाल्यावरच वाका. बऱ्याच काट्यांवर तो उतरल्यावरही काही सेकंद राहतो.

७. लगेच लिहा. दात घासल्यावर लिहू म्हणाल, तर ८४.६ होतं की ८४.९, यावर दुपारी वाद होतो.

आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा चढायचं नाही. तीनदा चढून सगळ्यात कमी आकडा लिहिण्याची सवय फार लवकर लागते आणि मग नोंदच खोटी होते. पहिला आकडा तोच आजचा.

तोल जात असेल, गुडघे दुखत असतील तर शेजारी एक जड खुर्ची ठेवा. तिचा आधार घेऊन चढा, मग हात सोडा, आकडा आल्यावर पुन्हा धरून उतरा.

रोज की आठवड्यातून एकदा? शक्य असेल तर रोज, कारण सरासरी काढायला आकडे लागतात. रोजच्या आकड्याने दिवस खराब होत असेल तर आठवड्यातून एक ठरलेला दिवस घ्या. तो निवडताना सोमवारची सकाळ टाळा, रविवारचं मटण आणि दुपारची झोप त्यात असते. उपवासाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळही टाळा. ती कुणाला उगाच खूश करते; ज्यांच्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' असा कारभार असतो त्यांना उगाच नाराज करते. दर आठवड्याला तोच वार. साप्ताहिक वजनात मात्र चार आकडे जमल्याशिवाय काहीच ठरवायचं नाही.

नोंद

ॲप, वही, काहीही चालेल. आमच्या मते भिंतीवरच्या कालनिर्णयाला तोड नाही. दुधाचा हिशोब जिथे लिहिता तिथेच, तारखेच्या चौकोनात एक आकडा. त्याचा एक जास्तीचा फायदा म्हणजे चतुर्थी, लग्नाची तिथी, पाळीची तारीख, गावाला गेलेले दिवस सगळं शेजारीच दिसतं, आणि आकडा का उडाला याचं उत्तर बरेचदा त्याच चौकोनात सापडतं. घरातल्या सगळ्यांनी आकडा पाहावा असं वाटत नसेल तर अर्थातच वही. दुसऱ्याच्या वजनावर बोलायला आपल्याकडे कुणाला परवानगी लागत नाही.

एखादा दिवस चुकला तर चौकोन रिकामा सोडा, अंदाजे भरू नका.

सरासरी

रविवारी रात्री सात आकडे घ्या. समजा, सोमवारपासून असे आहेत: ८४.६, ८४.१, ८४.९, ८४.४, ८४.२, ८३.९, ८४.७. मोबाइल नसला तरी चालतं. ८४ बाजूला ठेवा आणि फक्त वर-खालचं मोजा: ०.६ + ०.१ + ०.९ + ०.४ + ०.२ − ०.१ + ०.७ = २.८. भागिले सात, ०.४. या आठवड्याची सरासरी ८४.४.

पुढचा आठवडा: ८४.९, ८४.६, ८४.०, ८३.८, ८३.७, ८४.१, ८३.९. पुन्हा ८४ बाजूला, वर-खालची बेरीज १.०, भागिले सात ०.१४. सरासरी ८४.१४.

आता पाहा. ज्याने फक्त सोमवार-सोमवार पाहिला त्याला ८४.६ चं ८४.९ झालेलं दिसलं, म्हणजे तीनशे ग्रॅम वाढ. सरासरी पाव किलो घट सांगते आहे. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. त्या हिशोबाने २६० ग्रॅम म्हणजे आठवड्याला २००० कॅलरी, दिवसाला सुमारे २८५. ज्वारीचं पीठ धरलं तर साधारण ८५ ग्रॅम. माणूस बरोबर वागत होता आणि सोमवारच्या आकड्याने त्याला नापास केलं असतं.

आठवड्यात तीनच दिवस वजन झालं असेल तर बेरजेला तीननेच भागा, पण ती सरासरी कच्ची समजा.

आकडा उडी का मारतो

हा भाग नीट समजला तर काटा पलंगाखाली जात नाही.

सगळ्यात मोठा उडीबाज म्हणजे मीठ. शरीर आपल्या द्रवांतला खारटपणा ठरलेल्या पातळीवर राखतं आणि त्यासाठी पाणी धरून ठेवतं. ढोबळ मानाने दर ९ ग्रॅम जादा मिठामागे लिटरभर पाणी, मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. मिसळ, सोबत फरसाण, रात्री पापड-लोणचं असा दिवस गेला तर दुसऱ्या सकाळी किलोभर वाढ दिसणं अगदी स्वाभाविक आहे. ती दोन-तीन दिवसांत निघून जाते. तेवढी चरबी एका रात्रीत चढायला खर्चापेक्षा ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. पंगतीत आग्रह कितीही झाला तरी ते जमणं कठीण.

दुसरं, साठवणीची साखर. यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा रिता होतो आणि दीड-दोन किलो झटक्यात जातात. आठवड्यात पाच किलो उतरवून देणाऱ्या जाहिरातींचं भांडवल बहुतांशी हेच. पुन्हा भात खाल्ला की ते पाणी परत येतं, आणि माणूस म्हणतो मला भात बाधतो. पथ्याच्या पहिल्या आठवड्यातली मोठी घटही बरीचशी अशीच असते. तिच्यावर पुढच्या महिन्याची अपेक्षा बांधू नका.

पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच स्त्रियांचं वजन अर्धा ते दोन किलोंनी वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करूच नये. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्याची सरासरी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी लावावी.

नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत सुजेचं पाणी साचतं, एक-दोन आठवडे आकडा अडून बसतो. रात्रभर एसटीत बसून प्रवास केला की पाय सुजतात, वजनही वाढतं. बद्धकोष्ठ असेल तर दोन दिवसांचं अर्धा किलोपर्यंत पोटातच असतं. उलट जुलाब, ताप, उन्हातला घाम यांनी आकडा खाली येतो. ती घट कमाई समजू नका.

आणि काही न करताही रात्रीत वजन उतरतंच. इटलीतल्या पादुआचा वैद्य सँतोरिओ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून आपलं वजन, खाल्लेलं-प्यायलेलं आणि बाहेर टाकलेलं असा सगळा हिशोब वर्षानुवर्षं मांडत राहिला. हिशोब जुळेना. आत गेलेलं जास्त, बाहेर आलेलं कमी, आणि तरी वजन तेवढंच. उरलेलं श्वासातून आणि त्वचेवाटे नकळत निघून जातं, हे त्याने त्यावरून काढलं. रात्री झोपतानाचं आणि सकाळचं वजन शेजारी ठेवून खूश होणाऱ्यांनी त्याला आठवावं.

काट्याला टेपची जोड

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी शेजारी-शेजारी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर हलका भरूनही आत चरबी बाळगून असू शकतो, ती बहुधा पोटावर. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला २३ म्हणजे ५९ किलो, २५ म्हणजे ६४ किलो.

तेव्हा महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कमरेचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून घ्या, त्या दोहोंच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर. बेंबी ही खूण धरू नका, सुटलेल्या पोटात ती खाली सरकलेली असते. श्वास सहज सोडून वाचा, पोट आत ओढून नाही. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. आकडा अडलेला असताना घेर दोन सेंटिमीटरने उतरला असेल तर काम नीट चाललं आहे.

सरासरीवरून काय ठरवायचं

चार आठवड्यांच्या चार सरासऱ्या समोर ठेवा.

आठवड्याला पाव ते एक किलोच्या गतीने उतरत असेल तर काहीही बदलू नका. 'अजून थोडं कमी खाऊन पाहू' हा मोह इथेच होतो आणि इथेच पथ्य मोडतं. सहा महिन्यांत ५ ते १० टक्के, म्हणजे ८४ किलोंच्या माणसाने सव्वाचार ते साडेआठ किलो, एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते.

आठवड्याला किलोच्या वर, आणि तेही पहिल्या दोन आठवड्यांनंतर, सतत उतरत असेल तर ती शाबासकीची गोष्ट नाही. स्नायू जातात, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. जेवण वाढवा, डॉक्टरांना दाखवा.

तीन-चार आठवडे सरासरी जागेवरच असेल, तर उपास न धरता एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तीन आठवडे थांबा. कुठली? जी मोजता येते ती. तेलाची पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि किती दिवसांत, किती माणसांत संपली ते पाहा. पळीने ओतलेलं तेल कुणालाच आठवत नाही आणि एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे १२० कॅलरी असतात. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, १६० कॅलरी. एवढा एक चहाचा हिशोब सुधारला तरी दोन महिन्यांत किलोभराचा फरक पडू शकतो. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि नकोशी झालेली पहिली कोणती सोडायची तेही. हेही लक्षात ठेवा की वजन उतरलं तसा शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. सुरुवातीला पुरलेली काटकसर सहा-आठ महिन्यांनी पुरत नाही, त्यात तुमचा आळस असतोच असं नाही.

कुणी हा मार्ग धरू नये

खाण्यावरून पूर्वी आजार झाला असेल, उलट्या काढणं, दिवसेंदिवस न खाणं, खाण्यावरचा ताबा सुटणं असं काही असेल तर काटा घरात आणूच नका. वाढीच्या वयातल्या मुलामुलींचं वजन रोज करायचं नाही. त्यांची उंचीही वाढत असते आणि त्यांचं वजन वाढीच्या तक्त्यावर डॉक्टरांनी पाहायचं असतं. गरोदरपणात तपासणीच्या दिवशी होतं तेवढं पुरे. आकडा पाहून जेवण टाळावंसं वाटणं, दिवसातून चार-पाच वेळा काट्याकडे पाय वळणं, ही काटा दोन महिने दुसऱ्याच्या घरी पाठवण्याची लक्षणं आहेत.

हृदय निकामी होण्याचा आजार असलेल्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात ते वेगळ्या कारणासाठी. तिथे चरबी नाही, पाणीच मोजायचं असतं आणि रोजचा आकडाच महत्त्वाचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, धाप लागली तर सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर वजन उतरू लागल्यावर जुना डोस जास्त होऊन साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून नोंदीचं पान डॉक्टरांकडे न्या. स्टिरॉइड, इन्शुलिन, पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढतं. औषध सुरू झाल्याची तारीखही कॅलेंडरवर हवी, नाही तर दोष उगाच जेवणाला जातो. आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन गेलं असेल तर आनंद नको, तपासणी हवी. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड यांची पहिली खूण काट्यावर दिसू शकते.

वजन उतरल्यानंतर

इथे बहुतेक लोक काटा सोडतात. वर सांगितलेल्या चाचणीतली हिरवा-पिवळा-लाल ही रीत याच टप्प्यासाठी आहे. जिथे थांबलात तो आकडा, समजा ७६ किलो, कॅलेंडरच्या पानावर वर लिहून ठेवा. वाढ १.४ किलोच्या आत असली, म्हणजे ७७.४ पर्यंत, तर हिरवा: आहे तसं चालू द्या. त्याच्या वर गेलं की पिवळा: तेल, चहाची साखर, चालणं यांतलं काय सुटलं आहे ते शोधून त्याच आठवड्यात दुरुस्त करा. २.३ किलो वाढलं, म्हणजे ७८.३, की लाल: वजन उतरवताना जे पथ्य होतं ते पूर्णपणे पुन्हा सुरू, हिरव्यात येईपर्यंत. रोजच्या आकड्याने घाबरून रंग बदलू नका, सरासरीनेच बदला. गणपती-गौरी आणि दिवाळी यांच्या दिवसांत पिवळा लागला तर लागू द्या, पण फराळाचे डबे रिकामे झाल्यावर दोन आठवड्यांनीही तो पिवळाच असेल तर थांबायचं नाही.

काटा बदलायची वेळ आली तर जुना लगेच टाकू नका. सात दिवस दोन्ही काट्यांवर, एकामागोमाग, वजन करा आणि दोन्ही सरासऱ्यांतला फरक काढा. नवा काटा ०.५ जास्त दाखवत असेल तर तुमचे तिन्ही आकडे अर्ध्या किलोने वर सरकवून कॅलेंडरवर नव्याने लिहा: ७६.५, ७७.९, ७८.८.